शेवटच्या ओळीतलं नाव

कारंजा लाड,
रविवार

प्रिय पौर्णिमाताई,

आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग काय रागवायचं ते रागव. मधेच फोन लावू नकोस, मी उचलणार नाही. गेला आठवडाभर तू फोन करते आहेस आणि मी दर वेळी 'कामात आहे' एवढाच मेसेज टाकते, हे तुला खटकलं असणारच. म्हणून तर तू दिनेशला गाठलंस. तो तुला म्हणाला, "काही नाही ताई, रेकॉर्डिंग चालू हाय, तिचा गळा जरासा बसला." बिचारा खोटं बोलला नाही, पण सगळं खरंही बोलला नाही. हे पत्र तोच आणून देईल. त्याच्या घरची भाजीची गाडी अमरावतीच्या मार्केटला येतेच, मेथीच्या जुड्यांबरोबर माझी चार पानंही येऊ देत. मेसेजमध्ये लिहिलं असतं तर तू पहिल्याच ओळीला फोन लावला असतास. मी तुला ओळखत नाही का!

अल्बमचं म्हणशील तर नऊ गाणी झाली, एक राहिलं. दिनेशच्या मळ्यातली कांदे-लसूण ठेवायची खोली हाच आमचा स्टुडिओ. भिंतींना जिजाकाकूंच्या म्हणजे दिनेशच्या आईच्या गोधड्या टांगल्यात, दाराला बारदाना लावलाय. लाईन असली की विहिरीवरची मोटर घुरघुरते आणि थेट माईकमध्ये येते, म्हणून आम्ही लाईन जायची वाट बघत बसतो. आजूबाजूचे लोक लाईन गेली की शिव्या घालतात आणि आम्ही तिघं उड्या मारत खोलीत घुसतो. लॅपटॉपची बॅटरी दम धरते तेवढ्यात गाणं उरकायचं. तेही तिघांनी एकदम. एकेकानं वेगळं रेकॉर्ड करून नंतर जोडू, असं दिनेशनं सांगून पाहिलं, पण प्रेमसिंगला ते जमत नाही. तो पोहरादेवीजवळच्या तांड्यातला, नगारा यात्रेच्या गर्दीत शिकलेला. गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून वाजवतो. "तू दम घेतला का माहा हात पडते," म्हणतो. समोर गाणारं माणूस नसलं की त्याचा हात अडतो. आणि आता हाच प्रेमसिंग रेल्वेत लागलाय, एक तारखेला भुसावळला हजर व्हायचंय. आनंदच आहे गं. पण त्याच्या आईनं पेढे हातावर ठेवले तेव्हा मी उरलेले दिवसच मोजत बसले. तो गेला की हे दहावं गाणं कसं व्हायचं?

आता गळ्याचं. दिवाळीपासून खरखर होतीच. पहिलीचा वर्ग म्हणजे दिवसभर ओरडणं, त्यानं असेल असं मी धरून चालले. जिजाकाकू विचारायच्या, "पोरी, तुह्या गळ्यात काय अडकून राह्यलं व?" मग ज्येष्ठमध, हळदीचं दूध, वाफ, सगळं झालं. घरात नर्स असून तुला विचारायचं तेवढं राहिलं, किंवा मी राहू दिलं. एका दुपारी नववं गाणं असं सुरळीत झालं की मी हरखून गेले. वरचा सूर अलगद लागला. म्हटलं, गळा सुटला! आणि सहज दिनेशच्या पेटीकडे नजर गेली तर त्याचं बोट काळी तीनवर. आपली पट्टी काळी चार, बाबांनी लहानपणी ठरवून दिलेली. त्यानं मला न सांगता पट्टी उतरवली होती. प्रेमसिंगलाही ठाऊक होतं. त्या खोलीत खूश झालेली मी एकटीच.

मी दोघांना फाडून खाल्लं. काहून असं केलं, माझ्या गाण्यात मलाच फसवता का, म्हणून. दिनेश मान खाली घालून म्हणाला, "तुले वरचं लागून नाही राह्यलं साक्षी. तुले सांगाची हिंमत नाही झाली." त्यावर आणखी ओरडायला गेले आणि आवाज फाटला. नंतर पाणी मागायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी जिजाकाकूंनी धरून अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी नळी घालून स्क्रीनवर दाखवलं, स्वरयंत्रावर गाठ आहे. पाच तारखेला ऑपरेशन आहे. तोवर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. पुढं महिनाभर गाणं बंद, आणि नंतर आवाज येईल पण अगदी पहिल्यासारखा येईल याची हमी नाही. काढलेला तुकडा तपासायला पाठवणार आहेत. बहुतेक साधीच गाठ आहे, घाबरू नका, असंही ते म्हणाले. घाबरू नका म्हटलं की माणूस आधी घाबरतो, हे तुम्हा दवाखान्यातल्या लोकांना कधी कळणार? ताई, मला भीती वाटते. तपासणीची वाटतेच, पण सकाळी उठल्यावर चहा ठेवताना आपण आता गुणगुणायचंही नाही, हे आठवलं की जास्त वाटते. तुला आधी सांगितलं असतं तर तू तेव्हाच कान धरून वॉर्डात नेऊन टाकलं असतंस आणि अल्बम गेला खड्ड्यात म्हणाली असतीस. ते बरोबरही होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

आईबाबांना अजून काही माहीत नाही. आवाज जायच्या आधीच्या रविवारी किन्हीराजाला गेले होते. बाबांनी एका कानात इअरफोन घालून तोवरची आठही गाणी ऐकली. एवढंच विचारलं, "शेवटच्या ओळीत तुहं नाव कुठी हाय?" मी म्हटलं, आता कोणी टाकत नाही बाबा, मोबाईलवर गाण्याखाली दिसतं. तर म्हणाले, "मंग गाणं कोणाचं हाय हे आयकणाऱ्याले कसं समजन?" आई चुलीपाशी हसली, "तुमचं नाव घेऊ घेऊ पोरींची तोंडं दुखली, आता तिले तरी सोडा!" मीही हसले आणि एसटीत बसून कारंजाला आले.

पण हे न बोलण्याचं मागं लागलं ना, तर डोक्यात तेच फिरत राहिलं. आपल्या बाबांचा आवाज कसा होता, आठवतं? फुटक्या घमेल्यासारखा. गायन पार्टी त्यांची, गाणी त्यांनी लिहिलेली, पण एक कडवं कधी एकट्यानं म्हटलं नाही. आपल्या दोघींना माईकसमोर बसवायचे आणि स्वतः मागं टाळ घेऊन. जयंतीच्या कार्यक्रमात गावोगाव आपण 'इंद्रभान सांगे लेकीबाळींनो, दिवा विझू देऊ नका' म्हणायचो. शेवटचं कडवं ते नेहमी तुलाच द्यायचे आणि तू म्हणायला लागलीस की खाली जमिनीकडे बघत बसायचे. मला वाटायचं, लाजतात. आता कळतं, ते ऐकत असायचे. स्वतःला जमत नव्हतं ते आपलं नाव दुसऱ्याच्या गळ्यातून येताना ऐकायचे.

मग मी दहाव्या गाण्याचं शेवटचं कडवं बदललं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव घातलं. 'साक्षी म्हणे, दार लोटू नका गं, माझी माणसं यायची आहेत.' घातलं तेव्हा गायला आवाज नाही. आहे की नाही गंमत! दिनेशनं त्याची मामेबहीण प्रियदर्शनी आणली. गळा गोड आहे तिचा, मेहनतही केली पोरीनं, पण माझ्या नावाशी आली की शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटायचं. प्रेमसिंगनं नगारा थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. मी पाटीवर लिहिलं, राहू द्या. सध्या मी पहिलीच्या पोरांसारखी पाटी-पेन्सिल घेऊन फिरते.

तर आता मुद्द्याचं. येत्या रविवारी प्रेमसिंग शेवटचा कारंजात आहे. तू ये, ताई. पट्टी काळी चारच ठेवायला सांगितली आहे. 'माझा सूर गेला, पोरंबाळं झाल्यावर गळा राहिला नाही' हे मला सांगू नकोस. गेल्या वेळी तुझ्या वॉर्डात आले होते तेव्हा खाटेवरच्या म्हातारीनं मला सांगितलं, "शिस्टर सुई टोचते तवा गानं म्हनते, म्हून दुखत नाही." मोबाईलवर गाण्याखाली गाणारी म्हणून तुझंच नाव लागेल, माझ्या जागी गुपचूप गायचं नाही. तू नंतरच्या बुधवारी माझे सगळे रिपोर्ट बघ, हवं तेवढं बोल, पाच तारखेला माझ्याबरोबर आत यायचं असेल तर ये, खरं तर येच. पण त्याआधी रविवारी दुपारी लाईन गेली की त्या लसणाच्या खोलीत प्रेमसिंगसमोर बस आणि दम घे. माझा आवाज परत येईल तेव्हा येईल, नाही आला तर काय ते तेव्हा बघू, पण माझं नाव मला एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. मी काही बोलणार नाही, तुला माहीतच आहे. मागं टाळ घेऊन बसेन आणि शेवटच्या कडव्याला बाबांसारखी खाली बघेन.

तुझीच, सध्या मुकी असलेली,
साक्षी