ही तीच व्यक्ती आहे का?

३ तारीख
स्वस्ति श्री सकलदप्तरचूडामणी, उपमुख्यलिपिककुलावतंस, एकपात्रपाकविशारद, द्विकक्षसदनाधीश्वर, अर्थात प्रस्तुत दैनंदिनीकार, यांचे नूतन गृही अकरा खोक्यांसह आगमन जाहले. सहधर्मचारिणी चार महिन्यांपूर्वीच निवर्तल्यामुळे खोकी कोठे ठेवावीत यावर मतभेद झाला नाही. स्वयंपाकघराची भिंत प्रसन्न पिवळी आहे. कन्येला दाखवण्यास्तव सर्व खोल्यांची छायाचित्रे काढली.

५ तारीख
फोनमध्ये पत्नीची ४१२ छायाचित्रे एका कप्प्यात आहेत. चेहरा ओळखून फोन स्वतःच ती तेथे लावतो. आज त्याने पिवळी भिंत पुढे करून पृच्छा केली : ही तीच व्यक्ती आहे का? अस्मादिकांनी ‘नाही’ दाबले. भिंत आणि भार्या यांतील भेद जाणण्याइतकी दृष्टी अद्याप शाबूत आहे.

६ तारीख
कप्प्यात ३७० उरली. कन्येने फोनवरच झापले : बाबा, तुम्ही नाही म्हणालात, म्हणून ते आता आईलाच ओळखेना. पुढच्या वेळी मुकाट्याने हो म्हणा, तुमचं काय जातंय?

९ तारीख
फोनने पिवळी भिंत पुन्हा पुढे केली. हो म्हटले. गेलेली बेचाळीस परतली. मग पाठोपाठ पृच्छा : रिकामा बोळ, खुर्ची, पलंगाची डावी बाजू. हो. हो. हो. इतके एकमत संसारात कधी नव्हते.

१२ तारीख
कन्याही तिच्या फोनवर तो कप्पा पाहते. म्हणाली, बोळात उभ्या आईचा फोटो किती गोड आलाय, कधीचा हो? मला बोळच दिसतो. तिला सांगितले नाही. जेवलो. भांडी घासली.

१४ तारीख
लग्नाचे छायाचित्र उघडले. माझ्या शेजारी पिवळी भिंत. सगळ्यांतच भिंत. तिच्या हनुवटीवर तीळ होता. डावीकडे, की —

१५ तारीख
स्वतःचे छायाचित्र काढले. ही तीच व्यक्ती आहे का? नाही म्हणावे, तर ती पुन्हा — कन्येच्या फोनमधूनही — हो.

१६ तारीख
माझ्या चेहऱ्याने फोन उघडेना. दुरुस्तीवाला म्हणाला, काका, हा मॅडमच्या चेहऱ्याने उघडतो, त्यांनाच पाठवा. चार्जरसकट ठेवून घेतला.

१७ तारीख
आपल्याच दारासमोर जिन्यात बसून लिहितो आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, मॅडम सकाळीच फोन घेऊन गेल्या, आता घरी पोचल्याही असतील. चार्जर तेवढा विसरल्या. तो मागितला, तर म्हणे मॅडमची वस्तू मॅडमच्याच हाती देणार. वास्तविक चार्जर माझा — पावतीही माझ्याच नावे — ती आत, कपाटात — आणि दुकान एक वाजता बंद —