तासभर आधीची गोळी

७ फेब्रुवारी

खोटं बोललो. एकच शब्द— हो.

ताईच्या फुप्फुसात बुरशी वाढली आहे. त्यावरचं औषध जालीम, दिवसाआड सलाईनमधून चढवतात. पहिल्याच वेळी तिची छाती भरून आली होती. तेव्हा डॉक्टरांनी सूज उतरवणारी एक गोळी जोडून दिली— सलाईनच्या तासभर आधी, काहीतरी खाल्ल्यावर. पुढचे तीन डोस सुरळीत गेले. घरातून निघताना सगळ्या गोळ्या मी ताईच्या हातावर ठेवतो, ती न बघता गिळते.

आज नेमकी तीच द्यायची राहिली. प्रयोगवह्या तपासत बसलो होतो. वॉर्डात पोचल्यावर सिस्टरने विचारलं, "तासभर आधीची गोळी दिली ना?" तेव्हा आठवलं. नाही म्हटलं असतं तर तिने गोळी देऊन आणखी तासभर बसवून ठेवलं असतं, आणि अकराला माझ्या वर्गाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. म्हणून हो.

वीस मिनिटांत ताई धापा टाकायला लागली. ओठ निळे पडले. सलाईन बंद केलं, ऑक्सिजन लावला. तेवढ्या वेळात तिने हात धरला तो माझाच!

परीक्षेला गेलोच. पाऊण तास उशिरा.

८ फेब्रुवारी

ताईला दवाखान्यातच ठेवून घेतलंय. डॉक्टर म्हणाले, गोळी देऊनही असं होत असेल तर हे औषध यांना झेपणार नाही. बंद केलं. दुसरं एक आहे, पण या बुरशीवर त्याची मात्रा तितकी चालत नाही.

मी मान डोलावली.

९ फेब्रुवारी

एका मुलीने प्रयोग न करताच तापमानाचे आकडे लिहून आणले होते. अशांना मी दरवर्षी वर्गासमोर झाडतो. आज वही मिटून परत दिली. ती बिचारी गोंधळून बघत राहिली.

११ फेब्रुवारी

ताप पुन्हा एकशे तीन. नवं औषध ढिम्म.

ताई म्हणाली, माझंच शरीर नाठाळ, त्याला औषध तरी काय करणार. वर माझी समजूत काढली— तू जिवाला लावून घेऊ नकोस, तू सगळं वेळेवर करतोस. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ही पंधराची. माझं सगळं हिनेच केलं. आणि मी खाटेशेजारी बसून संत्रं सोलत होतो. शिरासुद्धा काढत होतो एकेक, मान वर करायला लागू नये म्हणून.

१२ फेब्रुवारी

सांगितलं.

डॉक्टरांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो. ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "पाच दिवस गेले, सर." त्या 'सर'ने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हणाले, जुनं औषध उद्यापासून पुन्हा, अगदी सावकाश. गोळी मात्र सिस्टरच देतील, घरच्यांनी द्यायची नाही. बरोबरच आहे.

ताईलाही सांगितलं, तिच्या पांघरुणाच्या काठाकडे बघत. तिने सगळं ऐकून घेतलं.

"परीक्षा नीट झाली का?" एवढंच विचारलं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. संध्याकाळी मी निघालो तेव्हाही तशीच.

१३ फेब्रुवारी

औषध पूर्ण चढलं. धाप लागली नाही.

सकाळी सिस्टर गोळी घेऊन आली तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात उभा होतो. ताईने तोंडच उघडलं नाही. म्हणाली, "माझ्या भावाला आत बोलवा. मी त्याच्याच हातून घेईन."