तीन मागण्या आणि एक हापूस आयलंड

१४ सप्टेंबर २००८, रविवार

रोजनिशी सुरू. आजपासून रोज लिहिणार. कर्तृत्ववान माणसाने मागे लेखी काहीतरी ठेवावं, नाहीतर लोक नंतर काहीही सांगतात.

सद्यस्थिती: सीनियर मॅनेजर, सेल्स. अजून न बांधलेले टॉवर विकतो. मुक्काम डिस्कव्हरी गार्डन्स. सध्या रमजान, त्यामुळे ऑफिस दुपारीच खलास.

स्मितावहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको आणि आमच्या सुपेबंदर नगरपरिषदेची नगराध्यक्ष. महिला आरक्षण पडलं म्हणून झाली, असं मी म्हणतो. दुसऱ्या खेपेला आरक्षण नव्हतं तरी झाली, असं अनुपमा म्हणते. माझी बायको असली तरी तिला राजकारण कळत नाही.

बातमी मोठी आहे. नोव्हेंबरात बारा आमदार ‘शहरविकास अभ्यासदौऱ्या’वर दुबईत येतायत. त्यात आमचेही आमदार. ते सुपेबंदरला सापडत नाहीत, मुंबईत भेटत नाहीत, तर दुबईत तरी गाठा, असं वहिनी म्हणाल्या. हिवाळी अधिवेशनाआधी नगरपरिषदेच्या तीन मागण्या त्यांच्या कानावर घालायच्या.

वहिनींनी माणूस बरोबर निवडला.

१७ सप्टेंबर

मागण्या ईमेलने आल्या. एकच पान.

एक, बंदरावरची जेटी. पायऱ्या फुटल्यात, पण दुरुस्तीचा अधिकार मुंबईतल्या बोर्डाला. छोट्या जेट्या नगरपरिषदेला दुरुस्त करू द्याव्यात असा कायद्यात बदल हवा. दोन, विहिरी खाऱ्या झालेल्या गावांना नळयोजनेत आधी घ्यावं. तीन, पूर्णवेळ मुख्याधिकारी द्यावा. सध्याचे दुसऱ्या गावाचेही आहेत आणि आमच्याकडे फक्त मंगळवारी येतात.

वाचून वाईट वाटलं. पायरी, विहीर, मंगळवार. व्हिजन कुठे आहे?

अमेरिकेत कुठलीतरी बँक बुडाली म्हणे. ऑफिसात सगळे तेच बोलत होते. मी म्हटलं, ते अमेरिकेत.

३ ऑक्टोबर, ईदची सुट्टी

हारुनकडे जेवायला. हारुन माझा सुपेबंदरचा वर्गमित्र. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुन्या गाड्यांच्या पार्ट्‌सचा धंदा. हाफिजाभाभींनी सांदणं केली होती. डाएट उद्यापासून.

हारुनची आई पावसाळ्यात जेटीच्या फुटक्या पायरीत पाय अडकून पडली. खुबा मोडला. खाडीपलीकडच्या हॉस्पिटलात दर आठवड्याला न्यावं लागतं, त्याच जेटीवरून, खुर्चीत बसवून. हारुन म्हणाला, आमदारांना आपली सात सीटर देतो, स्वतः चालवतो, फक्त जेटीचं तेवढं बघ. मी म्हटलं, इन्शाल्ला, पण हे होलिस्टिक पद्धतीने मांडावं लागतं.

१९ ऑक्टोबर

सुचलं.

अंघोळ करताना सुचलं. इथे समुद्रात ताडाच्या झाडाच्या आकाराचं बेट आहे. सुपेबंदरला काय कमी? समुद्र आहे, दगड आहे. आकार: हापूस आंबा. हापूस आयलंड. देठाच्या बाजूला हेलिपॅड.

गाव श्रीमंत झालं की जेटी, पाणी आणि मुख्याधिकारी आपोआप येतील. तीन मागण्यांची एकच मागणी केली. याला स्ट्रॅटेजी म्हणतात.

या महिन्यात आमचा एकही फ्लॅट विकला गेला नाही. मार्केट श्वास घेतंय.

२४ ऑक्टोबर

डिझाइन तयार. ओवीला दाखवलं. ती तेरा वर्षांची आहे आणि मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्येच उत्तर देते.

म्हणाली, “बाबा, इट लुक्स लाइक अ किडनी.”

मुलांना हल्ली आंबा माहीत नाही. साल काढून, फोडी करून, डब्यात मिळतो ना.

२ नोव्हेंबर

प्रेझेंटेशन पूर्ण. छत्तीस स्लाइड. वहिनींच्या मागण्या चौतिसाव्या स्लाइडवर, ‘इतर’ या मथळ्याखाली. रंगीत छपाई ऐंशी दिरहम, म्हणजे हजार रुपये. गावासाठी.

वहिनींनी फोनवर पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. कागद हातात द्या, तीन वाक्यं बोला, बास. मी हो म्हटलं. एवढ्या साध्या कामासाठी त्यांनी मला का गाठलं असतं?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

आमदारसाहेब आणि त्यांच्या पत्नी हॉटेलच्या लॉबीत. बाकीचे अकरा बर्फ बघायला मॉलमध्ये गेलेले. या दोघांना सोन्याच्या बाजारात जायचं होतं. हारुनची गाडी दारात. मी साहेबांच्या शेजारी, लॅपटॉप मांडीवर.

पहिल्या तीन स्लाइड माझ्या परिचयाच्या होत्या. साहेब खिडकीतून क्रेन मोजत होते. मग हारुनने आरशात बघून सुरुवात केली, “साहेब, आमची जेटी...” मी लगेच त्याला थांबवलं. म्हटलं, हारुन, रस्त्याकडे बघ. प्रोटोकॉल म्हणून काही असतो. ड्रायव्हिंग करणाऱ्याने शिष्टमंडळात बोलायचं नसतं.

चौथी स्लाइड. हापूस आयलंड. साहेब खिडकी सोडून लॅपटॉपकडे वळले. चष्मा लावला. विचारलं, हे नुसते दगड टाकून होतं? मी म्हटलं, साहेब, इथे झालंच ना. त्यांनी चित्र बायकोला दाखवलं. त्या म्हणाल्या, काजू छान आहे.

ट्रॅफिक अचानक सुटला. पाचवी स्लाइड उघडेपर्यंत सोन्याचा बाजार आला. उतरताना साहेबांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, “तुमच्यासारखी माणसं गावात पाहिजे होती.”

डोळे भरून आले.

हारुन परत येताना गप्प होता. बहुधा भारावला असेल. वहिनींचा कागद मागच्या सीटवरच राहिलेला त्याला सापडला. त्याने विचारलं, हा द्यायचा होता ना? मी म्हटलं, कागद गौण आहे, साहेबांच्या डोक्यात विचार गेलाय.

९ नोव्हेंबर

वहिनींना फोन. मीटिंग अत्यंत यशस्वी, असं सांगितलं. जेटीबद्दल काय म्हणाले, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पॉझिटिव्ह बॉडी लँग्वेज.

३० नोव्हेंबर

ऑफिसात आमच्या मजल्यावरची अर्धी माणसं कमी केली. मला ठेवलं. सेल्सबरोबर आता रिसेप्शनही मीच बघतो. जबाबदारी वाढतेय.

२२ डिसेंबर

आमदारसाहेब अधिवेशनात बोलले! तालुक्याच्या पेपरात पहिल्या पानावर. ‘सुपेबंदरला होणार दुबई.’ आंब्याचं चित्रही छापलंय, उलटं.

वहिनींचा फोन आला. आवाज बसलेला वाटला. थंडी असेल. मी विचारलं, भाषणात आपली जेटी आली का?

त्या म्हणाल्या, “आली ना भाऊजी. बेटाच्या सर्वेक्षणासाठी ती बंद करायचीय.”

म्हणजे जेटीचा विषय सभागृहात निघाला. आजवर निघाला नव्हता.

११ जानेवारी २००९

नोकरी सोडली. म्हणजे एचआरने बोलावून कळवलं. पण मी खोलीत शिरताना मनाने सोडलेलीच होती. आता हापूस आयलंडला पूर्ण वेळ देता येईल.

अनुपमाने ऐकून घेतलं. तिच्या शाळेत जास्तीचे तास मिळतात का बघते म्हणाली. मी म्हटलं, घाबरू नकोस, फार तर मार्चपर्यंत. तिने कुठल्या वर्षीच्या, असं विचारलं. विनोदबुद्धी शाबूत आहे.

नवीन संकल्प: रोज सकाळी चालणे.

१५ फेब्रुवारी

शारजाला, अल मजाजमध्ये घर भाड्याने घेतलं. एक बेडरूम, पण लगूनजवळ. बाथरूमच्या खिडकीतून स्टुलावर उभं राहिलं की पाणी दिसतं. प्रेरणादायी.

चालणे उद्यापासून, आज सामान.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

हारुन घरी आला. बसला नाही.

सुपेबंदरची जेटी महिनाभरापूर्वी तारा लावून बंद केली. सर्वेक्षणाचा माणूस एकदा आला, खांब रोवून गेला. हारुनच्या आईला आता खाडीला वळसा घालून रिक्षातून न्यावं लागतं. रस्त्याला खड्डे. गेल्या दोन आठवड्यांत म्हातारीने हॉस्पिटलला जायचंच नाकारलं. दुखतं म्हणून.

मी म्हटलं, हारुन, विकासात सुरुवातीला थोडी गैरसोय होतेच.

तो म्हणाला, “मी एकच वाक्य बोलणार होतो, चारू. एकच. तू ते खाल्लंस.”

चहा न घेता गेला. अनुपमाने दोन कप केले होते. दोन्ही तिने बेसिनमध्ये ओतले, माझ्यासमोर.

२८ फेब्रुवारी

आज काही लिहायचं नाही.

८ मार्च

आमदारसाहेबांना फोन लावला. जेटी तात्पुरती उघडावी एवढंच सांगायचं होतं. पीएने विचारलं, कोण? मी म्हटलं, दुबईहून, हापूस आयलंड. त्याने थांबायला सांगितलं. मी थांबलो. मागे टीव्ही चालू होता. शेवटी कार्डच संपलं.

उद्या पुन्हा लावणार.

२ एप्रिल

पंचवीस दिवस लावला. साहेब बिझी. हे मोठ्या माणसाचं लक्षण आहे, पण जरा फोन घ्यायला हवा होता.

१९ एप्रिल

हारुनने बोलावलं. दुकानात माणूस हवाय म्हणाला. पगार जेमतेम, व्हिसाचं बघू. आईबद्दल तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.

पद: बिझनेस डेव्हलपमेंट, ऑटोमोटिव्ह. सध्या गिअरबॉक्स पुसतो. पाया पक्का असावा.

१४ मे

सुपेबंदरहून थरारक बातमी. मोठ्या ओहोटीला स्मितावहिनी पंचवीसेक बायकांना घेऊन जेटीवर गेल्या. तारा कापल्या. सिमेंट, रेती, घमेली. एका दिवसात पायऱ्या नीट. मंगळवार सोडून केलं, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांना काही माहीत नाही असं म्हणता येतं.

बोर्डाची नोटीस आली. वहिनींनी उत्तर दिलं: नगरपरिषदेने कोणतीही दुरुस्ती केलेली नाही, पायऱ्या आपोआप बऱ्या झाल्या असाव्यात.

काल हारुनच्या आईला होडीतून हॉस्पिटलला नेलं. हारुनने दुकानात सगळ्यांना मलबारी हॉटेलातला चहा दिला. मलाही. कप माझ्या हातात देताना म्हणाला, साखर बघ.

विचार केला तर याची सुरुवात माझ्यापासूनच होते. मी जेटी बंद करवली नसती तर वहिनी उठल्या असत्या का? हे मी अनुपमाला बोलून दाखवलं. ती म्हणाली, हे हारुनसमोर बोलू नका. मी नम्रपणे मान्य केलं.

२२ ऑक्टोबर

विधानसभेचा निकाल. आमदारसाहेब पडले. कोळीवाड्याने एक मत दिलं नाही. बेटासाठी दगड टाकले तर होड्या कुठे लावायच्या, असा त्यांचा संकुचित प्रश्न होता. विरोधकांच्या पोस्टरवर माझीच चौथी स्लाइड होती, खाली लिहिलेलं: ‘यांना हा मुतखडा पाहिजे, आम्हाला पाणी.’

डिझाइन दोन्ही बाजूंनी वापरलं, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही.

५ डिसेंबर

दुबईचीच एक बडी कंपनी घेणेकऱ्यांकडे मुदत मागतेय. पेपरात तेच. समुद्रातली नवी बेटं थांबली. म्हणजे सुपेबंदरला आता स्पर्धा नाही.

नवीन आमदार निवडून आल्या आल्या अभ्यासदौऱ्यावर निघतायत म्हणे. जानेवारीत. दुबई.

मी गिअरबॉक्स खाली ठेवला. घरी येऊन छत्तीस स्लाइड पुन्हा उघडल्या. आंबा जरा सरळ केला.

१८ डिसेंबर

वहिनींचा फोन, मी करायच्या आधी त्यांचाच. मी म्हटलं, वहिनी, मी तयार आहे, यावेळी मागण्या थेट दहाव्या स्लाइडवर घेतो.

त्या म्हणाल्या, “नाही भाऊजी, तुम्ही इकडे या. आमदार तिकडे असतील ते चार दिवस तुम्ही सुपेबंदरला. तिकीट आम्ही काढलंय.”

मी भारावलो. म्हटलं, नगरपरिषदेच्या पैशाने? ते नियमात बसणार नाही. त्या म्हणाल्या, नाही, नगरसेवकांनी आपापल्या खिशातून वर्गणी काढली. सत्ताधारी, विरोधी, सगळ्यांनी. सुपेबंदरच्या इतिहासात पहिल्यांदाच एखादी गोष्ट एकमताने मंजूर झाली.

मी विचारलं, सत्कार आहे का?

वहिनी म्हणाल्या, नारळ देऊ.

१० जानेवारी २०१०, शारजा विमानतळ

हारुनने सोडलं. आमदार संध्याकाळी उतरतायत. तो त्यांना आणायला परस्पर दुबईला जाणार. डॅशबोर्डवर वहिनींचा एक पानी कागद होता. मी म्हटलं, दाखव, दोन सूचना करतो. त्याने तो घडी करून खिशात घातला.

मी विचारलं, साहेबांशी काय बोलणार?

म्हणाला, “एकच वाक्य.”

मग माझी बॅग उतरवून दिली, मिठी मारली आणि मी आत जाईपर्यंत दारात उभा राहिला. मागे वळून पाहिलं तेव्हाही होता. मी हात केला. त्याने आत जा अशी खूण केली.

अनुपमा म्हणाली होती, लॅपटॉप घरीच ठेवा. ठेवलाय. विमानाला उशीर आहे. समोरच्या खुर्चीवर रायगडचे एक गृहस्थ बसलेत, सुपेबंदर ऐकून आहात का, मी विचारलं. म्हणाले, हो हो, तिथली जेटी बायकांनी बांधली ना? मी म्हटलं, हो.

त्यांनी विचारलं, तुम्ही तिथलेच? तुमचं काय होतं त्यात?

यावर काहीतरी सांगायला हवं होतं. एवढ्यात बोर्डिंग सुरू झालं.