नासवलेल्या दुधाची ताकद

१७ मार्च १९५३. सकाळ.
पाडव्याचा संकल्प आज करतोय. काल झोप लागली.
व्यायामशाळेतल्या गुरुदत्तने पुस्तिका दिली. दुधात केसीन नावाचं प्रोटीन असतं. दूध लिंबाने नासवायचं, फडक्यात बांधून पाणी काढायचं आणि राहिलेला चोथा झोपताना खायचा. तो सावकाश जिरतो, मसलना रात्रभर पोसतो. म्हणजे आपण झोपायचं, काम चोथा करणार. माझ्या स्वभावाला अगदी बसणारी पद्धत. आज दंड सव्वादहा इंच. दिवाळीपर्यंत चौदा.

१८ मार्च.
आईने फाटा फोडला. दूध आणि मासळी एका पोटात गेली की अंगावर कोड येतं म्हणे. पुस्तिकेत तसं काही नाही, पण धोका कशाला? मासळी बंद. कोळ्याच्या पोराने एवढा त्याग केल्याचं ऐकिवात नाही. धाकटी शेवंती म्हणाली, मग दादा खाणार काय? तिला शास्त्र कळत नाही. आई मासळीची पाटी घेऊन माजिवड्याला जाते. येताना तिथल्या पंढरी गवळ्याच्या तबेल्यातून रोज शेरभर दूध आणेल.

२ एप्रिल.
वडिलांचा उजवा खांदा दुखतो. खाडीत वल्ह्यावर येशील का, विचारत होते. कच्च्या मसलवर ताण पडला तर सगळा प्रोग्रॅम फुकट जाईल, असं समजावलं. नारळी पुनवेपासून वल्हं माझं, असा शब्द दिला. बरं म्हणाले. त्यांना पटकन पटतं, हा त्यांचा मोठा गुण.

२६ एप्रिल. रविवार.
दंड साडेदहा. श्वास रोखून मोजला, पण श्वासही माझाच आहे.
घरात चिंबोरीचं कालवण. मी बाहेर ओटीवर, वाऱ्याची दिशा बघून बसलो. डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे असेल.

१४ मे.
पोट जरा पुढे आलंय. गुरुदत्तचं म्हणणं, खातोस तसा व्यायामालाही येत जा. मी म्हटलं, आधी पाया भरू दे. घर बांधताना कोणी पहिल्या दिवशी कौलं चढवतं का?

११ जून.
शेजारचा गोविंदा सांगत होता, तुझा बाप हल्ली एका हाताने वल्हं मारतो. लोकांना दुसऱ्याच्या होडीत फार डोकावायचं असतं.

७ जुलै.
दूध नाही. तीन दिवस वादळी वारा, होडी किनाऱ्यालाच. वाऱ्याचा आणि पंढरीच्या म्हशींचा काय संबंध, असं आईला विचारलं. तेव्हा कळलं, पंढरी मासळीच्या बदल्यात दूध देतो. मोठी मोठी बोईटं तिकडे जातात, घरच्या कालवणात डोकी उरतात. मार्चपासून हेच चाललंय.
हे मला आधी सांगायला हवं होतं. दिवसभर फार वाईट वाटलं.

९ जुलै.
दूध आलं. चोथा खाल्ला. आणलेलं वाया कसं घालवणार?

२४ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा.
दंड पावणेअकरा. अर्ध्यावर काम सोडलं तर केलेलं सगळं पाण्यात. वडिलांकडे दिवाळीपर्यंत मुदत मागितली. ते डाव्या हाताने होडीला हळदकुंकू लावत होते. म्हणाले, "राहू दे रं गुण्या. तुजी ताकद येवाला टाइम हाय. तवपरत मी हाय."
मला हायसं वाटलं. वाटायला नको होतं.

३ सप्टेंबर.
गोविंदाने वडिलांना आणलं. ओहोटीच्या ओढीत वल्हं मारताना खांद्यात काहीतरी तुटलं. डॉक्टर म्हणाले, आतला मसल फाटलाय, हात आता वर उठणार नाही. सहा महिन्यांपूर्वीच वल्हं सोडायला हवं होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. आई माझ्याकडे बघेल असं वाटलं. तिने बघितलं नाही.

६ सप्टेंबर.
मी होडी काढली. कोणाला न विचारता. खाडीच्या मध्यापर्यंत जमलं. मग वल्हं उचलेनासं झालं आणि ओहोटी होडीला पुलाकडे नेऊ लागली. ओरडलो. गोविंदाने दोर बांधून ओढत आणलं. किनाऱ्यावर बरेच लोक होते. कोणी हसलं नाही.

२० सप्टेंबर.
होडी गोविंदा चालवतो. त्यातला वाटा मिळतो, तो आम्हा चौघांनाच कसाबसा पुरतो. पंढरीचं दूध बंद. वडिलांना हे सांगायचं नाही, असं आईने बजावलंय. मला कारण विचारवलं नाही.

२७ ऑक्टोबर. दुपार.
आई आणि शेवंती बाजारात. घरी मी आणि वडील. त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असतो, डाव्याने भात सांडतो. कोणी बघतंय म्हटलं की ते जेवायचेच थांबतात. आज मी ताट ओढून घेतलं. बोईटाचे काटे काढून घास भरवले. खाली बघून खात होते. मी लहान असताना ते मला असेच काटे काढून द्यायचे, हे मला आजच का आठवावं?
अर्ध्या भातावर थांबले. म्हणाले, "गुण्या, तुजं दूध आयलं का आज?"
मी आलं म्हणालो. मग त्यांनी पुढचा घास घेतला.