मास्तर बांधीत हाये

३ जुलै १९७८, दिघोरी
पोचलो एकदाचा! शाळा छोटी, गाव हिरवंगार. खोली देवकाबाईंकडे, जेवणासकट. बाई विधवा, एकट्या; भात असा वाढतात की पुण्याला मी गोल होऊनच परतणार. माझ्या रहस्यकथेला बक्षीस मिळाल्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, "मंग त मोठे मानूस झाले जी तुमी." आधीचे मास्तर कुठे गेले विचारलं. "ते त बांधीत हाये." घर बांधताहेत म्हणजे! मास्तरकीत बरं जमलं बुवा.

६ जुलै
इथले बडे शेतकरी पुंडलिकराव माझी कथा असलेला दिवाळी अंक घेऊन गेले. त्यात मी रहस्यकथेचे सगळे नियम मुद्दाम उलटे केलेत. खुनी पहिल्याच पानावर सांगून टाकलाय: सगळं गाव. दडवलंय ते फक्त प्रेत, एका मास्तरांचं. परीक्षक यावरच खूश झाले होते. आता पुंडलिकरावांच्या स्तुतीची वाट बघतोय, खोटं कशाला बोलू?

८ जुलै
स्तुती राहिली बाजूला. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमाले कोनं सांगतलं?" मनानं रचलंय म्हटलं, तर हसले. म्हटलं, अंक जुना, तेव्हा मी या गावाचं नावही ऐकलं नव्हतं. त्यावर म्हणाले, देवकाबाईचा भाऊ पुण्यातच असतो.
आज शाळेत एकही मूल नाही. देवकाबाई चुलीपुढे रडत होत्या.

१० जुलै
त्या मास्तरांनाच भेटतो, घर कुठे बांधताहेत ते दाखवा, म्हटलं. बाई बघतच राहिल्या. मग धानाच्या शेताकडे बोट केलं. बांध घातलेल्या तुकड्याला इथे बांधी म्हणतात. बांधीत. देवा, बांधीत!
"पयल्याच दिवशी त सांगतलं जी तुमाले!" कायले मारलं, ते मात्र सांगेनात.

११ जुलै
एस.टी. थांबली नाही. जिवाच्या आकांतानं धावलो मागे. खिडकीतले लोक बघत होते — सगळे ओळखीचे —

१२ जुलै, दुपार
रोवणी, म्हणजे धानाची लावणी, उरकत आली. चिखल करून एकच बांधी मोकळी ठेवलीय. कुणासाठी ते —
पुंडलिकराव ओसरीवर बसलेत. म्हणतात, कुणी सांगितलं त्याचं नाव सांगा, एस.टी. थांबेल. बाई आत माझं ताट वाढताहेत. मला जगायचंय. आई गं, मला जगायचंय —

सांगितलं. देवकाबाईंचं नाव.
ते शांतपणे उठले. "म्हंजे तुमाले मालूम हाये त."
रचलं होतं हो मी, सगळं रचलं — आता कोण ऐकतंय —
बाईंना नेताहेत. शेतात माणसं आणखी एका बांधीतलं लावलेलं धान उपटून राहि—