मातीला दिलेलं जस्त

आई, तुला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि काल दुपारी तू माझं मनगट धरलंस. मला वेड लागलेलं नाही. इंदापूरच्या एका फार्मसी कॉलेजात मी शिकवते, लोक मला शहाणी समजतात. पण झालं ते तुलाच सांगता येईल.

ते तुझं शेवटून दुसरं वर्ष. पिंपळीच्या घरात तू आमटीत मीठ वाढवत चालली होतीस. तात्या एकदा जेवता जेवता थांबले, नवऱ्याच्या हक्कानं म्हणाले, "अगं, समुद्र वतलास का ह्यात?" तू पळीनं घोट घेतलास, म्हणालीस, "मला तर पाणीच लागतंय." आम्ही सगळे हसलो. त्याच आठवड्यात तात्यांनी उसाचं एक पान आणून तुझ्यासमोर धरलं होतं. त्यावर लांब पांढरट पट्टे होते. "माती भुकेली हाय. झिंक कमी पडलंय," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी झिंक सल्फेटच्या पिशव्या आल्या. तू भाकरी थापता थापता बोललीस, "मातीचं बरं हाय. तिचं पान बघून कळतं तरी." तुझ्या नखांवरही पांढरे ठिपके होते. मी बघितले होते, पण ते काय हे मला तेव्हा कळत नव्हतं.

तू शेवटी जेवायला बसायचीस. डाळ आम्ही ओरपलेली, अंडी मुलांची, मटण पुरुषांचं. तुला भाकरी आणि ठेचा. आता वर्गात मी शिकवते की भाकरीत जस्त, म्हणजे तात्यांचं तेच झिंक, असतं, पण धान्यातलंच एक द्रव्य ते धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. जस्त कमी पडलं की जिभेची चव जाते, जखम भरत नाही, आणि रक्तवाहिनीचं आतलं नाजूक अस्तर दुबळं होतं, तिला हवं तेव्हा सैल पडता येत नाही. हे सांगताना माझा आवाज अगदी सरळ असतो. तुझी पोटरी बांधापर्यंत चाललं की वळायची. भर मे महिन्यात तुझा पाय गार असायचा. "ह्यो पाय माझा न्हायच वाटत," तू म्हणायचीस. बारामतीच्या डॉक्टरांनी शिरा अरुंद झाल्याचं सांगितलं, तंबाखूची मिश्री सोडायला सांगितली. तू जेवतेस काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मग अंगठ्याची जखम झाली, ती भरलीच नाही, आणि काळेपणा वर चढत गेला. तुला जस्ताच्या कमतरतेनंच नेलं असं मी म्हणू शकत नाही. मिश्री होती, वय होतं. पण तेही एक कारण होतं असं मला आतून वाटतं.

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदराच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी कापून तिचं ज्वारीच्या दाण्याएवढं कडं करतात, दोन बारीक तारांवर अडकवून कोमट द्रावणात ठेवतात. उंदीर मेलेला असतो, कडं मात्र तासन्‌तास जिवंत राहतं. ते किती ओढतंय त्याची रेघ पडद्यावर उमटते. कालचं कडं जस्त काढून घेतलेल्या खाण्यावर वाढवलेल्या उंदराचं होतं. आवळायचं औषध घातलं, ते आवळलं. सैल करायचं घातलं, ते सुटेना. मी द्रावण तीनदा बदललं. वर्गातली मुलं चहाला गेली होती, बाहेर लख्ख ऊन होतं. आणि काहीही न घालता रेघ आणखी वर चढू लागली, कुणी तरी तार हळूहळू आपल्याकडे खेचावी तशी. असं कधी कधी होतं, मला कारणही ठाऊक आहे. पण नेमकं तेव्हाच माझं डावं मनगट गार पडलं. दवाखान्यात शेवटच्या सकाळी तू धरलं होतंस तेच, तेवढ्याच जागी, चार बोटांच्या पकडीएवढं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, सोड." रेघ खाली आली. एका श्वासात, सरळ तळाला.

ते मी वहीत लिहिलं नाही. कडं नियमाप्रमाणे पिशवीत टाकलं, हात धुतले, मुलांना म्हटलं की नमुना बिघडला होता. मनगट मात्र संध्याकाळपर्यंत गार होतं.

हे पत्र कपाटातच राहील. तुला वाचता येत नव्हतं, आणि हे दुसऱ्या कुणाकडून तुला वाचून दाखवायचं नाही. शेवटच्या महिन्यात तू रोज म्हणायचीस, "पायाला जरा त्याल लाव गं, लई गार पडलाय." मी सांगायचे, तेल संपलंय. संपलं नव्हतं, आई. बाटली फडताळात भरलेली होती. मला तुझ्या पायाला हात लावायची भीती वाटायची.