तीन म्हणायच्या आत

४ मार्च, सकाळ
आजपासून पेशंटचा विश्वास संपादन करायचा. जिवावर आलंय, पण नाइलाज आहे. समोरच्या इमारतीत तो नवा कायरोप्रॅक्टर, म्हणजे माझ्यासारखाच हाताने मणके बसवणारा, आल्यापासून माझी वेटिंग रूम ओस पडली आहे. तो म्हणे पेशंटचं ऐकून घेतो. ऐकून मणके सरळ होत नसतात.

४ मार्च, दुपार
निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. ठरवल्याप्रमाणे ऐकून घेतलं. बाई गुडघ्यापासून निघाल्या त्या थेट सुनेपर्यंत पोचल्या. शेवटी टेबलावर झोपवलं, मान हातात धरली, तीन म्हटलं की वळवतो असं सांगितलं आणि दोनला कटकन वळवली. माझी जुनी पद्धत. तीनपर्यंत थांबलं की माणूस मान आखडून धरतो. बाई म्हणाल्या, खोटं बोलणाऱ्या मुलांना त्या वर्गाबाहेर उभं करायच्या. दार आपटून गेल्या. नाकाने कांदे सोलायची सवय, दुसरं काय.

७ मार्च
बायकोची मान सकाळपासून अवघडली आहे. ती माझ्याच रिसेप्शनवर बसते. येणारा प्रत्येक जण आधी तिच्या वाकड्या मानेकडे बघतो, मग माझ्या पाटीकडे. दोघे न बसताच गेले. तिला म्हटलं, चल आत, मिनिटाचं काम. नको म्हणाली. तिची खुर्चीच फिरवून ठेवली. आता मान वाकडी असली तरी तोंड दाराकडे राहतं.

९ मार्च
दोनची गोष्ट सगळीकडे पसरली आहे. लोक आता एकलाच आखडतात. म्हणून आज मोजलंच नाही. बँकेतले साहेब नमस्कार डॉक्टर म्हणता म्हणता किंचाळले. भित्रट जमात.

११ मार्च
बायकोला शब्द दिला, बरोबर तीनला करेन. खूप आढेवेढे घेऊन झोपली. डोळे मिटले. मी एक म्हटलं. मान लाकडासारखी. अशा वेळी थांबणं शास्त्राला धरून नाही. दीडला केलं. ती उठली, पर्स घेतली आणि गेली. तेव्हापासून अबोला. मला वाटतं, थोडा फरक पडला असावा.

१४ मार्च, सकाळ
बायकोची मान सरळ. वेटिंग रूममधल्या तिघांनी माझं अभिनंदन केलं. मी नम्रपणे म्हटलं, पेशंटचा विश्वास लागतो. त्यावर तिने सगळ्यांदेखत सांगितलं की ती समोर जाऊन आली. तिघंही उठले. कुठल्या जिन्याने जायचं तेही हिनेच सांगितलं. घरचीच माणसं अशी.

१४ मार्च, संध्याकाळ
न राहवून विचारलं, त्याने असं काय वेगळं केलं. म्हणाली, पहिल्या दिवशी काहीच नाही. त्याने करू का विचारलं, ती नको म्हणाली, त्याने हात काढून घेतले. दुसऱ्या दिवशी ती आपणहून गेली आणि हो म्हणाली.

म्हणजे एक अख्खा दिवस वाया. याला उपचार म्हणत नाहीत. तेवढंच शांतपणे समजावून सांगावं म्हणून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने मान आखडून धरली.

मी तर मोजतही नव्हतो.